मोजलेली रजा

"साहेब, यातले तुम्ही स्वतः किती तास दिलेत?"

विचारून झाल्यावर थियाच्या लक्षात आलं की माईक चालू आहे. शाळेच्या जिमच्या पत्र्याला आपटून तिचाच आवाज तिच्याकडे परत आला. पायऱ्यांवर बसलेली चारशे पोरं मान वळवून तिच्याकडे बघू लागली.

खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. दहा मिनिटांपूर्वी तो इमेल्डाच्या तोंडून निघाला होता, तोही च्युइंगम चघळता चघळता.

"विचार ना! वादविवादाची ढाल जिंकून आणलीस ती काय काचेच्या कपाटात धूळ खायला?"

"तूच विचार की."

"माझे पप्पा कारखान्यात भट्टीवर आहेत. मी विचारलं तर रविवारच्या जेवणात मलाच भाजतील. तू विचार. आठवडाभर शाळेच्या जेवणातले माझे बटाट्याचे गोळे तुझे."

"पंधरवडा."

"बरं बाई, पंधरवडा. बकासुर!"

पलीकडे वादविवादाच्या संघातल्या ब्रिनने फोन आधीच उभा धरला होता. मग काय, थिया उठली. दहावीपर्यंत हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा जिचा घसा सुकायचा, ती गेल्या वर्षापासून अशी झाली होती. एकदा बोलायला लागलं की आपल्याला बोलता येतं, हा शोध लागल्यापासून तिला गप्प बसणं म्हणजे शिंक दाबून धरण्यासारखं वाटायचं. अब्जाधीशांवर कर का नाही, जेवायला गेलं की वेटरचा पगार गिऱ्हाइकाने का द्यायचा, सिनेटमध्ये आजोबांच्या वयाचीच माणसं का, प्रत्येक गोष्टीवर तिचं मत होतं आणि प्रत्येक मत ऐकणारं कुणीतरी तिला लागायचंच.

समोर, बास्केटबॉलच्या जाळीखाली, तो फळा उभा होता. एरवी तो वॉफल कारखान्याच्या कँटीनमध्ये असायचा. आज खास शाळेत आणला होता. गुलाबी कागदाची हृदयं त्याच्यावर टाचलेली. कारखान्यात कुणी दुखण्याने अंथरूण धरलं आणि त्याची रजा संपली, की बाकीचे आपापल्या रजेतले तास त्याला देत. एक हृदय म्हणजे एक माणूस. वर नाव, खाली तास. कुणी चार, कुणी आठ. रजा संपली की नोकरी जायची, आणि नोकरी गेली की आरोग्यविम्याचं कार्डही. तेव्हा ही हृदयं नुसती शोभेची नव्हती. फळ्याच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपण एक कुटुंब', आणि त्याच्या खाली, 'लोरेटा डेटवायलरसाठी'.

लोरेटा म्हणजे थियाची आई.

कारखान्याचे उपाध्यक्ष हॅल्स्टेड साहेब शहरातून मुद्दाम आले होते. निवडणूक आठ दिवसांवर. आजारपणाची पगारी रजा कायद्यानेच मिळावी का, यावर राज्यभर मतदान होतं, आणि गावातल्या प्रत्येक हिरवळीवर कारखान्याने वाटलेली पाटी उभी होती: 'कायदा नको, माणुसकी हवी'. शाळेत प्रचार चालत नाही, म्हणून त्यांनी फक्त माणुसकी दाखवायला आणली होती.

प्रश्न ऐकून ते हसले. माणूस दिसायला खरंच चांगला होता, डोळ्यांनीही हसायचा.

"छान प्रश्न आहे. पण उत्तर अवघड आहे, बाळ. कारण मला रजा मोजून मिळतच नाही. आम्हा वरच्या लोकांना अमर्याद रजा असते. हवी तेव्हा, हवी तेवढी. आता तूच सांग, ज्याची मोजदादच नाही त्यातून वजा काय करायचं? आमच्या नियमाप्रमाणे मोजलेली रजाच देता येते. तीही कामगाराने कामगाराला."

थियाने पापणी मिटली, उघडली.

"म्हणजे तुमच्याकडे इतकी आहे, की देताच येत नाही?"

मग बँडमधल्या कुठल्यातरी टारगटाने ढोलावर एक काठी हाणली आणि सगळी जिम हसून फुटली. पोरं पायऱ्या बडवायला लागली. गणिताच्या सरांनी खोकला आल्यासारखं करून तोंड रुमालात घातलं.

हॅल्स्टेड साहेब गलका शांत होईपर्यंत थांबले. "म्हणूनच तर म्हणतो," ते म्हणाले, "आपल्याकडे पहिल्या दिवसापासून तीन दिवस पगारी रजा हातात मिळते. फाटकावरच लिहिलंय. कायद्याला ते सुचायच्या आधी आम्हाला सुचलं." टाळ्या त्यांनाही पडल्या. पण पोरं थियाकडेच बघत होती.

संध्याकाळपर्यंत ब्रिनचा व्हिडिओ ओळखीपाळखीच्या बाहेर गेला. कुठल्या कुठल्या राज्यांतली माणसं त्यावर भांडायला लागली. एक म्हणाला, पोरीला डाव्यांनी पढवून पाठवलंय. दुसरा म्हणाला, हिलाच राष्ट्राध्यक्ष करा. तिसऱ्याला तिचे बूट कुठे मिळतील हे हवं होतं. थिया स्वयंपाकघरात ओट्यावर चढून बसली आणि एकेक शेरा आईला नाटकी आवाजात वाचून दाखवू लागली.

खिडक्या बंद होत्या. उकडत होतं तरी बंद होत्या. कारखान्यातून दिवसरात्र व्हॅनिलाचा वास सुटायचा. कोटांना, उशांना, कुत्र्यांनासुद्धा तो यायचा. गावाला त्याचं काही नव्हतं, पण पहिल्या किमोनंतर लोरेटाच्या पोटात त्या वासाने ढवळायचं. बाबांनी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी मारली होती. तरी तो यायचाच.

"कॅन्सरने नाही जायची मी," लोरेटा म्हणायची, "वॉफलने जाणार."

तिने व्हिडिओ दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा हसता हसता तिला ठसका लागला. मग डोक्यावरची टोपी नीट करत ती म्हणाली, "केस छान दिसतायत तुझे."

"आई! केस?"

"मग काय म्हणू? माझं नाव आहे गं त्या फळ्यावर."

थियाचे बाबा, व्हर्न, दारात उभे होते. गॅरेजमध्ये गवत कापायची यंत्रं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. बोटांना कायम तेल आणि बोलणं बेताचं. घरात विमा होता तो लोरेटाच्या नोकरीचा. त्यांनी सिंकमध्ये हात धुतले, पुन्हा धुतले.

"चांगलं विचारलंस," ते म्हणाले. एवढंच.

"मग ती पाटी उपटून टाकू का? आपल्या हिरवळीवरची?"

"राहू दे."

"बाबा, ज्या घरात आईसाठी लोकांकडे तास मागतो त्याच घरापुढे 'कायदा नको'? लोक हसतील!"

"ती पाटी आपली नाही, थिया. तुझ्या आईच्या तासांची आहे. राहू दे."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, शाळेत थियाला बटाट्याचे गोळे मिळाले, इमेल्डाचे तर मिळालेच, शिवाय जे ओळखतही नव्हते त्यांचेही. बुधवारी फळा कँटीनमध्ये परत गेला, पण भिंतीकडे तोंड करून. गुरुवारी कारखान्याचं पत्रक निघालं. भाषा लोण्यासारखी. देणाऱ्यांची नावं अशी चारचौघांत दिसणं बरं नाही, हे आमच्या लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. यापुढे ज्यांना तास द्यायचे आहेत त्यांनी फॉर्म भरावा, आणि त्यावर आपापल्या सुपरवायझरची सही घ्यावी.

शुक्रवारी दुपारी मिसेस लुंडग्रेन आल्या. लोरेटाच्या शेजारी अकरा वर्षं पॅकिंगच्या पट्ट्यावर उभ्या राहिलेल्या. हातात काचेचं भांडं, त्यात नूडल्स आणि मासे, वर चीज. दार थियाने उघडलं.

"आई झोपलीये?"

"हो. उठवू?"

"नको नको." त्यांनी भांडं दिलं, पण त्या आत आल्या नाहीत. पायपुसण्यावर उभ्या राहून कोटाचं एक बटण त्या लावत होत्या, काढत होत्या. "मी ना, या महिन्यात आठ तास देणार होते. मायर्नाचे सहा होते. पट्ट्यावरच्या बाकीच्यांचे मिळून पुन्हा आठ. बावीस. बरोबर बावीसच कमी पडत होते ना शेवटच्या किमोला? आम्ही जमवले होते गं."

भांडं गरम होतं. थियाने ते खाली ठेवलं नाही.

"पण आता फॉर्म आहे. सही घ्यायला सुपरवायझरच्या टेबलापुढे जाऊन उभं राहायचं. तो नाही म्हणणार नाही. तो नुसता बघणार. 'डेटवायलरसाठी का?' म्हणणार, आणि वहीत काहीतरी लिहिणार. माझी दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. मायर्नाचा मुलगा तिथेच हंगामी कामावर आहे."

"पण हे बरोबर नाही! तुम्ही सगळ्यांनी मिळून पेपरवाल्यांना—"

"सही केलीये आम्ही, राणी. नोकरीला लागताना. कारखान्याबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही." मिसेस लुंडग्रेननी तिच्या गालाला हात लावला. त्यांच्या हाताला व्हॅनिलाचा वास होता. "प्रश्न झकास होता तुझा. आम्ही कँटीनमध्ये टेबलाखाली फोन धरून चारचारदा पाहिला. फक्त उत्तर आम्हाला द्यावं लागलं."

त्या गेल्यावर थिया तशीच उभी राहिली. मग भांडं फ्रीजमध्ये ठेवून ती आईच्या खणापाशी गेली. खणात, थर्मामीटर आणि गोळ्यांच्या खाली, कारखान्याची नियमांची पुस्तिका होती. कोपरे वळलेली, कधी कुणी न वाचलेली. जमिनीवर मांडी घालून तिने ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली. वादविवादात हीच तिची खरी ताकद होती, हे फार थोड्यांना माहीत होतं. बोलणं नंतरचं. आधी ती सगळं वाचायची, बारीक टाइपातलंसुद्धा.

शनिवारी सकाळी लोरेटाला जरा बरं वाटत होतं. तिने टोस्टचा अर्धा तुकडा खाल्ला, म्हणजे घरात सण होता. व्हर्ननी तिच्यासाठी सफरचंदाच्या फोडी केल्या, सालं काढून, लहान मुलासाठी करतात तशा. थिया खाली आली ती हातात चार पानं घेऊन. लायब्ररीत छापून आणलेली. तिने ती मिठाच्या डबीखाली ठेवली, उडू नयेत म्हणून. खिडक्या बंद असताना उडणार कुठे होती?

"उद्या वाढदिवस," लोरेटा म्हणाली. "अठरा! केक सांग कुठला. व्हॅनिला सोडून."

"लिंबाचा." थिया बसली नाही. "आई, तुझे बावीस तास येणार नाहीत. मिसेस लुंडग्रेन आल्या होत्या."

लोरेटाने फोड तोंडापाशी नेली होती ती ताटलीत ठेवली. "माहितीये," ती म्हणाली. "मायर्नाने फोन केला होता. रडत होती बिचारी. तुला सांगणार नव्हतो आम्ही."

"माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे काही नाही," व्हर्न एकदम म्हणाले. मोठ्याने म्हणाले. मग त्यांनी सुरी पुसली आणि उगाच पुन्हा पुसली. "मी बघतो काहीतरी."

"काय बघणार, बाबा? कामगाराने कामगाराला. तुम्ही कामगार नाही."

फ्रीज घरघरला आणि थांबला. थियाने मिठाची डबी उचलून पानं त्यांच्यापुढे सरकवली. व्हर्ननी चष्मा लावला. कारखान्यातल्या नोकरीचा अर्ज होता. पहिलं पान, दुसरं. पॅकिंग, संध्याकाळची पाळी, शाळा सुटल्यावर साडेतीन ते साडेअकरा. त्यांचं बोट एका ओळीवरून पुढे गेलं आणि मागे आलं.

"राज्याच्या स्पर्धेचं काय? तुमच्या वादविवादाच्या?"

"सराव संध्याकाळीच असतो. ब्रिनला सांगितलंय, माझ्या जागी ती."

"थिया, नाही," लोरेटा म्हणाली. "मी त्या पट्ट्यावर उभी राहिले ते तू राहू नयेस म्हणून. आणि तुला ते घेतील असं वाटतं? त्या व्हिडिओनंतर?"

"घेतील. फाटकावर 'माणसं हवीत' लिहिलंय." थिया किंचित हसली. "आणि मला गप्प करायचा याहून स्वस्त मार्ग त्यांना कुठे मिळणार?"

व्हर्न चौथ्या पानावर आले होते. त्यांनी ओठ हलवत एक परिच्छेद वाचला. मग चष्मा काढला.

"इथे लिहिलंय—"

"वाचलंय मी, बाबा. तीनदा वाचलंय."

"बाहेर कुठेही काही बोलायचं नाही म्हणे. कधीच. नोकरी सोडली तरी." त्यांनी मुलीकडे बघितलं. "तुला जमेल हे? तुला?"

थियाने खिडकीकडे पाहिलं. चिकटपट्टीचं एक टोक सुटून लोंबत होतं. ती गेली, अंगठ्याने ते दाबून पक्कं बसवलं आणि तिथूनच, पाठमोरी, बोलली.

"म्हणून बुधवारी सही करणार. मंगळवारी आधी मत देऊन येते. मतपत्रिकेवर सुपरवायझरची सही लागत नाही."

"आणि सुपरवायझर?" लोरेटाचा आवाज बारीक झाला होता. "तुझ्या फॉर्मवर त्याची सही लागेलच की. तो विचारेल."

"विचारू दे. 'डेटवायलरसाठी का?' म्हणेल. मी म्हणेन, हो, डेटवायलरकडून." ती वळली. डोळे कोरडे होते, कान लाल झाले होते. "पहिल्या दिवसापासून तीन दिवस. चोवीस तास. दोन उरतातसुद्धा. मी ठरवलंय. मला त्यांच्यासारखी अमर्याद रजा नको. मोजलेली हवी. तीच देता येते."