डोंगरात थांबलेला ठिपका

मी सुकुमारअप्पांच्या घरचा लॅपटॉप बोलतोय. सांगलीत मार्केट यार्डामागच्या गल्लीत, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम. अप्पांचा हळदीचा व्यापार. त्यांच्या कपड्यांवरची पिवळी पूड माझ्या बटणांच्या फटीत बसलीय, त्यामुळं 'स' उमटवायला जोर लावावा लागतो.

मला या घरात आणलं ब्राह्मीनं, त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं. ती माझ्यावरच शिकली, नोकरीचे अर्जही माझ्यावरच केले. मग ठरलेलं लग्न मोडून ती हॉलंडला गेली आणि अप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं. जाताना मला ती आईसाठी, चंदनबालाबाईंसाठी, ठेवून गेली.

मला सांभाळणं सोपं नाही, हे मला मान्य आहे. अक्षरं मोठी करायला जावं तर चित्र आडवं होतं. आवाज वाढवायला जावं तर तो बंदच पडतो. चंदनबालाबाई म्हणायच्या, "ह्याच्या मनात काय असतंय, ते ह्यालाच ठावं." खरं तर मलाही ठाऊक नसतं.

गेल्या हिवाळ्यात ब्राह्मीला पोर्तुगालमध्ये नवी नोकरी लागली. सगळं सामान गाडीत भरून ती एकटीच निघाली आणि आईला नकाशाची लिंक पाठवली. फोनवर बारीक दिसतं म्हणून बाईंनी नकाशा माझ्यावर उघडला. त्यात एक निळा ठिपका सरकत होता. तो ठिपका म्हणजे ब्राह्मी.

ते दिवस अजून मला स्वप्नासारखे वाटतात. मी सांगलीबाहेर कधी पाऊल टाकलेलं नाही. पण ठिपका चालायला लागला की माझ्या अंगावरून नद्या जायच्या, हिरवी रानं जायची, एक देश संपून दुसरा कधी लागला ते कळायचंही नाही. बाहेर गल्लीत रिक्षाचे हॉर्न, आणि माझ्या काचेवर सगळा फ्रान्स पसरलेला. बाई शेंगा सोलत बघत बसायच्या. अप्पा पेपर वाचायचे, पण पान उलटायचे नाहीत.

"कुठवर आलीया?" एकदा त्यांनी विचारलं. लेकीचं नाव घेतलं नाही.

"बघा की तुमीच," बाई म्हणाल्या.

त्या आत गेल्या की अप्पा चष्मा लावून हळूच माझ्यासमोर यायचे. परक्या गावांची नावं त्यांना वाचता यायची नाहीत.

स्पेनच्या डोंगरात ठिपका एका वळणावर थांबला. बराच वेळ हलला नाही. बाईंनी फोन लावला, पण तो उचलला गेला नाही. नावं मराठीत आली तर कुठं आहे ते तरी कळेल, असं अप्पांना वाटलं. ते सेटिंगमध्ये शिरले. एक चौकट आली, त्यांनी 'हो' दाबलं, आणि माझ्या डोळ्यांपुढं निळं पसरलं. चक्र फिरू लागलं. अपडेट चालू आहे, बंद करू नका. कुणीतरी मला आतून झोपवत होतं.

"आवं, काय केलासा?" बाई ओरडल्या.

"मराठी करत हुतो."

बाईंनी फोनवर नकाशा उघडला. ठिपका तिथंच होता. "माझा फोन उचलंना ती. तुमी लावा फोन."

अप्पांनी फोन लावला. या खेपेला तो उचलला गेला.

"मी बोलतोय."

पलीकडून रडवेला आवाज आला, "अप्पा?"

टोल टाळायचं सेटिंग चालू राहिलं होतं, म्हणून गाडीतल्या नकाशानं तिला अरुंद घाटात नेलं होतं. धुकं दाटलेलं, एका बाजूला दरी. कडेला गाडी लावून ती स्टिअरिंग धरून बसली होती. मघाशी फोन उचलायचंही भान तिला राहिलं नव्हतं.

"फोन स्पीकरवर ठेव," अप्पा म्हणाले. "खंबाटकीच्या घाटात तुला पयल्यांदा गाडी दिली, तवा काय सांगितलं हुतं?"

"दुसरा गिअर. ब्रेकवर सारखा पाय नको."

"व्हय. निघ मग. सावकाश."

ती उतरू लागली. घाटभर अप्पा बोलत राहिले. यंदाच्या हळदीचे सौदे, शेजारच्या भरतेशची नवी मोटार, आईची गुडघेदुखी. मधेच ती म्हणायची, "वळण आलंय." मग अप्पा गप्प व्हायचे. वळण सरलं की पुन्हा बोलायचे. मला दिसत काहीच नव्हतं, पण झोपेत तो घाट मी ऐकला. शेवटी ती म्हणाली, "खाली गाव दिसतंय, अप्पा."

दिवस मावळून गेला होता. घर जैनांचं, मावळल्यावर इथं कुणी जेवत नाही. झाकलेली ताटं तशीच राहिली.

मी जागा झालो तेव्हा पासवर्ड मागत होतो. माझ्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

आता अप्पा रोज फोन करतात. लग्नाचा विषय निघाला की दोघांचे आवाज चढतात, पण मधेच कुणी फोन ठेवत नाही. उद्या अप्पा आणि बाई तिच्याकडं निघालेत. माझी बॅटरी फुगलीय, वायर काढली की मी विझतो, त्यामुळं मी इथंच राहणार. बाईंनी मला पुसून वर कापड टाकलंय.

तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल आणि त्याचं चक्र फिरत राहिलं, तर त्याच्याकडं बघत बसू नका. ज्याच्या काळजीनं तो उघडला असेल, त्याला सरळ हाक मारा. मला मात्र निवांत झोपू द्या.