राधाबाईंचा पितळी डाव

मित्रांनो, मी एक जुना पितळी डाव आहे. दांडी जरा वाकली आहे, पण ऐट शाबूत आहे बरं का! भंडाऱ्याच्या कारागिराने मला ठोकून ठोकून घडवले. मग मी राधाबाईंच्या हातात आलो आणि काय सांगू, त्या घरातून कुणी अर्धपोटी उठला नाही. पाहुणे माझे तोंडभर कौतुक करत.

राधाबाईंचा मुलगा लोकेश नोकरीसाठी नेदरलँड्सला, बेस्ट नावाच्या गावी आला, तेव्हा त्यांनी मला त्याच्या सामानात घातले. इथे मात्र मी खणात पडून राहिलो. लोकेशचे वजन वाढले, रक्तातली साखर वाढली. त्याची बायको हर्षा सायकल चालवून, मोजके जेवून हलकी झाली. लोकेशनेही तेच केले, पण त्याचे वजन काही हलेना. शेवटी डॉक्टरांनी त्याला वजन कमी करण्याचे इंजेक्शन सुरू केले. त्याची भूक मंदावली. आईला मात्र त्याने काहीच कळवले नाही.

यंदा राधाबाई इथे आल्या. बुद्धपौर्णिमेला त्यांनी खीर केली आणि मला बाहेर काढले. मी तर हरखून गेलो! पण लोकेशने वाटीवर हात आडवा धरला.

"माझ्या हातची चव गेली का रे?" राधाबाईंचे डोळे भरून आले.

लोकेशने वाटी पुढे केली. मी काठोकाठ खीर वाढली, वर पुन्हा वाढली. थोड्याच वेळात तो बाथरूममध्ये उलट्या करत होता. मला फार वाईट वाटले.

"आई, तो वजन कमी करायचं इंजेक्शन घेतोय. त्यावर जास्त खाल्लं की असं उलटतं," हर्षाने सांगून टाकले.

"सुई कशाला? रोज चालावं की! तू झालीसच ना बारीक?"

"मलाही तसंच वाटायचं. पण माझं तेवढ्यावर भागलं, त्याचं नाही भागलं. आणि इंजेक्शन घेतलं तरी चालणं, जेवण सांभाळायचंच आहे, असं डॉक्टरांनी बजावलंय."

"मग मला का नाही सांगितलंस रे?" लोकेश बाहेर येताच राधाबाईंनी विचारले.

"तुला वाटलं असतं, तुझ्या हातचं नको झालं मला," लोकेश पुटपुटला.

राधाबाईंनी त्याला जवळ घेतले. "वेडा रे वेडा! जेवण तुझ्यासाठी केलं. तू काय जेवणासाठी आहेस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी दांडी लोकेशकडे वळवली. "घे तुझ्या हाताने." त्याने अर्धा डाव वरण घेतले. राधाबाईंचा हात दोनदा पुढे आला, पण त्यांनी तो आवरला. जेवणानंतर मायलेक कालव्याकाठी फिरायला गेले.

मित्रांनो, प्रेमाने जरूर वाढा. पण मला फक्त ताट दिसते हो. ताटासमोरच्या माणसाकडे तुम्ही बघा.