अकराव्या पानावरची ढुशी

मित्रांनो, मला उचलाल तर जरा बेताने. मी चित्रांचं जुनं पुस्तक आहे. पाठीचा दोरा सैल झालाय, आणि शिवणीत कुवेतच्या सालमियाची वाळू शिरून बसलीय ती काही केल्या निघत नाही. पण तक्रार नाही हं. माझ्याइतकं सुख फार थोड्या पुस्तकांच्या नशिबी येतं.

माझा जन्म गिरगावच्या एका छापखान्यातला. माझ्यात एका बकरीची गोष्ट आहे. तिची दोन करडं, आणि तिने आपलं म्हटलेलं गाढवाचं पोरकं शिंगरू. शेवटच्या पानावर ते शिंगरू बकरीहून उंच झालेलं दिसतं. मुलं ते पाहून खदखदून हसली की मलाही गुदगुल्या होतात.

एकोणीसशे एकोणसाठ साली कासमभाईंनी मला घेतलं. ते कुवेतला एका गोदामात कामाला होते. त्यांच्या बायकोची धाकटी बहीण आणि तिचा नवरा रत्नागिरीकडे एकाच वर्षात वारले, मागे सात वर्षांची नूरी राहिली. तिला घेऊन कासमभाई बोटीने निघाले, आणि वाटेत रडू नये म्हणून मला तिच्या हातात दिलं. ती रडली नाही. बोटीवर सगळे दिवस नुसती माझी पानं उलटत राहिली.

सालमियाच्या घरात कासमभाईंच्या बायकोने, म्हणजे तिच्या मावशीने, शहरबानूखालाने तिला पोटाशी धरलं. चूक तिथूनच सुरू झाली बघा. आमच्या कोकणात पाहुण्याला कामाला हात लावू देत नाहीत. खालाने या पोरीचं तसंच चालवलं. झुबैदीचा, म्हणजे आपल्या पापलेटचा, मधला तुकडा नूरीला. तिने ताट उचलायचं नाही. कप फुटला तरी, असू दे बाळा. आणि पोटचा मुलगा यूसुफ? त्याला उठता-बसता बोलणी! पायाने वाळू आणली, बोलणी. नमाजाची चटई गुंडाळली नाही, बोलणी.

नूरी हे सगळं बघायची आणि माझं अकरावं पान काढून बसायची. त्या पानावर करडं आणि शिंगरू मिळून कुणाचा तरी हरभरा फस्त करतात, आणि बकरी तिघांनाही ढुशी मारते. एकदा तिने यूसुफला हळूच विचारलं, पाहुणे किती दिवस राहतात? त्याने आपलं ठोकून दिलं, ईदपर्यंत. झालं! ईद तीन आठवड्यांवर होती. पोरीचं अन्न तुटलं. खालाला वाटलं, हवा मानवत नाही, म्हणून तिने लाड आणखी वाढवले.

मग एका दुपारी दोघांनी माझी ओढाओढ केली आणि अकरावं पान टर्रकन फाटलं. दुखलं, खोटं कशाला बोलू? खाला धावत आली आणि तिने यूसुफचा कान पकडला.

नूरी उभी राहिली. "खाला, मीपण फाडलंय. मला का नाय ओरडत? ईद झाली की मला परत पाठवणार काय?"

खाला तिच्यासमोर खाली बसली. फाटलेलं पान हातात घेऊन तिने तिघांनाही ढुशी मारणारी ती बकरी पाहिली. डोळे भरून आले होते, पण बाई हुशार. रडत बसली नाही. तिने दुसऱ्या हाताने नूरीचाही कान पकडला.

"दोघांनी फाडलंत ना? मग दोघांनी चिकटवा. जा, पीठ आणा, मी खळ शिजवते. आणि नूरी, आजपासून ताटं तू उचलायचीस."

कान लाल झालेला, आणि पोरगी हसतेय! त्या संध्याकाळी तिने दोनदा भात मागून घेतला. माझ्या पानाला खळ लागली, ते जरा वाकडं बसलं, पण अजून टिकून आहे. त्या दोघांच्या पिठाळ बोटांचे उपकार मी विसरणार नाही.

याला आता दहा वर्षं झाली. नूरी खालाशी कडाकडा भांडते, रुसते, आणि तिला अम्मी म्हणते.

मित्रांनो, पुस्तकांना उष्टे हात लावू नका, एवढं तर मी सांगणारच. पण तुमच्या घरी कुणी पोरकं मूल आलं, तर त्याला नुसता चांगला तुकडा वाढून थांबू नका. त्याला काम सांगा, त्याच्याशी भांडा, चुकलं तर रागवा. ज्याच्यावर कुणी रागावत नाही, ते लेकरू दाराकडे बघत बसतं.