दहावी रात्र

सकाळी नऊच्या सुमाराला दारात गाडी थांबली. तिच्यातून माझा मेहुणा श्रीमंत उतरला आणि मागोमाग बायकोचे चुलते, कानिफनाथ नाना. मी तोंडात ब्रश घालून अंगणात उभा. नानांच्या डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी होती. ती टोपी ते दोनच कामांना घालतात, सोयरीक जमवायला आणि मोडत आलेली सांधायला. आमच्या घरात लग्नाचं कुणी नव्हतं. पोरगी दिशा पुण्याला शिकते, तिच्यापुढे लग्नाचा विषय काढला तर ती फोनच आपटते. म्हणजे भानगड दुसरी होती.

"या नाना," मी म्हणालो. नाना माझ्याकडे न बघता ओट्यावर बसले. श्रीमंतनं तर रामरामसुद्धा घातला नाही.

"दाजी, हुबळीला थंडी कशी हाय?" त्यानं विचारलं.

मी चूळ भरायला वळलो.

आता सगळं सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्याबद्दल भलतंच धरून बसाल. मी जालिंदर, सोनईचा. डेअरीत दूध थंड ठेवायच्या मोठाल्या टाक्या असतात ना, त्या बनवणाऱ्या कंपनीत मी दुरुस्तीला आहे. टाकी बंद पडली की हजारो लिटर दूध नासतं, म्हणून मालक कळवळतो, मग माझा साहेब कळवळतो आणि मग मी बॅग उचलतो. पाटणा, गुवाहाटी, हुबळी, म्हणतील तिथं. महिन्यातले वीस दिवस बाहेर. गावातले म्हणतात, मजा आहे गड्याची, विमानानं फिरतो. डोंबलाची मजा! पहाटे तीनला विमानतळावर बसून सुकलेलं सँडविच खाल्लंय का कधी? अठरा वर्षं झाली. आता मला कुठल्या गावात जाग आली हे कळायलाही छताकडे बघावं लागतं.

या सगळ्यात माझी म्हणून एकच गोष्ट होती, पॉइंट. तिकीट कंपनीचं, हॉटेल कंपनीचं, विमानतळावरून घ्यायची भाड्याची गाडीही कंपनीची, पण त्यावर जे पॉइंट मिळतात ते माझ्या नावावर. पोरं गोट्या साठवतात तसे मी ते साठवले. कुठली विमान कंपनी या महिन्यात दुप्पट देतेय, कुठली गाडी घेतली की हॉटेलचे वाढतात, सगळं तोंडपाठ. आणि या वर्षी ऑफर आली होती. एकाच कंपनीच्या हॉटेलांत एकतीस डिसेंबरपर्यंत दहा रात्री काढा, कोचीला समुद्रावरच्या हॉटेलात तीन रात्री फुकट. वर विमानाचे एवढे पॉइंट की दोन तिकिटं आरामात निघतील.

कोची कशाला, तर सविता. माझी बायको. सहा वर्षांपूर्वी टीव्हीवर कोचीकडची पाण्यातली घरं बघून ती म्हणाली होती, "अगं बया, यात लोक झोपतात?" एवढंच. पण तिनं कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, म्हणून ते डोक्यात बसलं. त्याच वर्षी आईला लकवा झाला. उजवी बाजू गेली. मग कोची राहून गेलं.

डिसेंबरच्या मध्याला माझ्या आठ रात्री झाल्या होत्या आणि साहेबानं फर्मान काढलं, वर्षअखेरपर्यंत प्रवास बंद. डोकंच फिरलं माझं. अठरा वर्षं मला घरी राहू दिलं नाही आणि आता दोन रात्रींसाठी घरी बसवतोय! शेवटी ठरवलं, दोन रात्री आपल्या पदरच्या. त्या कंपनीचं एक हॉटेल नगरला पुण्याच्या रस्त्यावर नवीनच झालंय. एकोणतीसला एक आणि एकतीसला एक, दोन्ही खोल्या घेऊन ठेवल्या. अट एवढीच, ज्याचं आधार कार्ड दाखवलं त्याच्याच नावावर रात्र धरतात.

सविताला सांगितलं, हुबळीला जातो. घर तासाभरावर असताना आपण हॉटेलात झोपणार, हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि मला तिला एकदम चकित करायचं होतं. झालं उलटंच.

तीस तारखेला सकाळी हॉटेलात उपमा खात होतो, तर कानाशी आवाज, "अय्या, दाजी! तुमी इथं?" सविताची मावसबहीण सायली. दिवाळीत तिला कुठंतरी नोकरी लागल्याचं ऐकलं होतं, ती याच हॉटेलच्या काउंटरवर. मी चोरासारखा उभा राहिलो आणि म्हणालो, "काम होतं जरा." तिनं माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. आता ही बातमी नेवाशाला, सविताच्या माहेरी, पोचायला किती वेळ लागणार? मी नगरच्या स्टँडवरून धारवाडी पेढे घेतले, हुबळीहून आणले म्हणून. सवितानं ते घेतले, देवापुढे ठेवले आणि काही बोलली नाही. मला वाटलं, वाचलो.

तर ओट्यावर ही बैठक.

"पाव्हनं," नाना म्हणाले, "आमी भांडायला न्हाई आलो. पन जे हाय ते उघड बोला. कोन हाय ती?"

"कोण कोण?"

"दाजी, नाटकं नका करू," श्रीमंत म्हणाला. "हुबळीला सांगून नगरला लॉजवर मान्साला कशापायी झोपाया लागतं?"

मी कपाळावर हात मारला. फोन काढला, नानांच्या नाकासमोर धरला. हॉटेलच्या अ‍ॅपवर एका रात्रीला एक गोल, नऊ भरलेले, दहावा रिकामा. सगळं समजावलं, विमान, हॉटेल, गाडी, पॉइंट, दहा रात्री, कोची. नाना बराच वेळ त्या गोलांकडे बघत राहिले.

"म्हंजी पैशे देऊन झोपायचं," ते म्हणाले, "आन लई झोपलं की बक्षीस म्हनून आनखी झोपू देतात?"

"तसंच काहीसं."

"आन हे लोकांना घर न्हाई व्हय?"

श्रीमंतला हसू फुटलं. मलाही. वादळ गेलं असं वाटून मी जरा सैल बसलो. तेवढ्यात सविता चहा घेऊन दारात आली. नानांनी कप घेतला आणि बैठकीचा रिवाज म्हणून तिला विचारलं, "बाई, आमचं समाधान झालं. तुझं काय म्हननं असंल तर तेबी बोल. मन मोकळं कर."

खरं तर त्यांना "काही न्हाई नाना" एवढंच ऐकायचं होतं. मलाही. चहा पिऊन त्यांनी निघायचं आणि मी दुपारी दोनपर्यंत नगर गाठायचं, एवढंच उरलं होतं.

सविता ताट धरून तशीच उभी राहिली.

"बाई असती तर बरं झालं असतं, नाना," ती म्हणाली. "तिला शिव्या तरी घातल्या असत्या."

"म्हंजी?"

"हे दमून येतात. खरंच दमतात, मी बघते ना. आले की पानी देते, वाढते, झोपले की टीव्हीचा आवाज बारीक करते. मान्सानं दमल्यावर घरी यावं, बरोबर हाय." ती माझ्याकडे बघत नव्हती. "हे दमले की घरी येतात. मी दमले की कुठं जायचं?"

नानांनी कप खाली ठेवला. ओट्यावर नुसता चहाचा वास.

"अगं, मग त्याच्यासाठीच तर," मी घाईनं म्हणालो, "कोचीला आपण दोघं..."

"आनि आईंना कोन बघनार हुतं?"

वर्षभर मी त्या ऑफरच्या, पॉइंटच्या मागे होतो, कुठल्या तारखेला कुठलं विमान स्वस्त हे मला पाठ होतं, आणि आईजवळ कोण थांबणार हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. एकदाही नाही. लाज वाटली. नंतर नाही, तिथंच, नानांच्या समोर.

"मला आधी बोलायचं ना," मी पुटपुटलो.

"कवा? घरी असता तवा झोपल्याले असता." मग तिनं ताट खाली ठेवलं. "आज रात्री तिथं कोन झोपनार हाय?"

"मीच. दहावी रात्र. आज शेवटची तारीख आहे."

"मी झोपते."

"अगं, तू झोपून नाही चालत. माझ्या नावावर धरत नाहीत मग. गेलंच सगळं, कोची, तिकिटं..."

"नका धरू."

"सविते," नाना म्हणाले, "बाईमानसानं एकटीनं लॉजवर? लोक काय म्हनतील?"

"ह्यांना अठरा वर्षांत कुनी इचारलं का लोक काय म्हनतील? आनि सायली हाय की तिथं. श्रीमंत, तू मला सोडतो का मी एसटीनं जाऊ?"

श्रीमंतनं माझ्याकडे बघितलं. मला ओरडावंसं वाटत होतं. एकच गोल राहिला होता हो! एकच! पण ओरडायचं कुणावर? "सोड तिला," मी म्हणालो, आणि नाना अजून काही बोलायला लागले तेव्हा माझा आवाज चढला. "नाना, चहा घ्या. गार होतोय."

तिला पाच मिनिटं लागली. पिशवीत एक साडी, गाऊन, फणी, आधार कार्ड. आईच्या खोलीत जाऊन काहीतरी बोलली. मला वाटलं आता औषधांची यादी सांगेल. चपला घालताना एवढंच म्हणाली, "दोन-दोन तासांनी कूस बदला, न्हाईतर पाठ फुटती." आणि गाडीत बसली. मागं वळून बघितलं नाही.

बारा वाजता मी आईची कूस बदलायला गेलो. शंभर किलोचा कॉम्प्रेसर मी एकट्यानं हलवलाय, पण मला माझी आई वळवता येईना. ढकललं तर तिला दुखायचं, नाही ढकललं तर ती हलायची नाही. मग कळलं की अंथरूण ओलं आहे. मी तिच्या लुगड्याला हात लावला तर तिनं डाव्या हातानं ते गच्च धरलं. "नगं," ती म्हणाली. आजारानंतर तिला शब्द फार फुटत नाहीत. "नगं तू. सविता."

"ती नाहीये, आई. मीच आहे."

तिनं डोळे मिटून घेतले, तोंड भिंतीकडे वळवलं आणि हात सोडला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी सगळं बदललं, वेडंवाकडं का होईना. चादर दोनदा उलटी घातली. अर्धा-पाऊण तास गेला त्यात. सविता हे दिवसातून किती वेळा करते हे मला ठाऊक नव्हतं, आणि आईला विचारायची हिंमत झाली नाही. मग भात लावला, तो खाली लागला. वरचा वरचा काढून दुधात कालवला आणि चमच्यानं भरवला. माझा सदरा, तिची मान, उशी, सगळीकडे भात. मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो तेव्हा पाठीतून नुसत्या कळा येत होत्या. दोनची कूस बदलून झाली आणि चारची यायची होती.

तीनला फोन आला. सायली.

"दाजी, ताई सकाळीच आल्यात, खोली आत्ता मोकळी झाली बघा. पन बुकिंग तुमच्या नावानं हाय." मग तिनं आवाज बारीक केला. "तुमच्या दहा रात्रींचं कळलं मला. मी काय म्हनते, तुमचं आधार हाय आमच्याकडं परवाचं. तुमच्याच नावानं ठेवते की. ताई झोपतील, रात्र तुमची धरली जाईल. कोन बघाया येतंय?"

खरं सांगतो, मी लगेच नाही म्हणालो नाही. नऊ गोल डोळ्यांपुढे आले. कितीतरी पहाटा आल्या, कितीतरी छतं आली. एक हो म्हटलं की झालं. कुणाचं काही जात नव्हतं. आणि ती तिथं झोपली असती तीसुद्धा माझ्या खात्यावर.

"तिच्या नावानं टाक," मी म्हणालो.

"अवो पन तुमचं नऊवरच..."

"तिच्या नावानं टाक म्हणलं ना, सायली."

"बरं बाई. टाकते." टकटक बटणं वाजली. "आनि किती रात्री टाकू? एकच ना?"

मी एक म्हणणारच होतो. जिभेवर आलं होतं. तीन तारखेला मला पाटण्याला निघायचं होतं, तिकीट आलेलं होतं.

"तिलाच विचार," मी म्हणालो.

सायलीनं तोंडासमोरून फोन बाजूला घेतला, पण ऐकू येत होतं. "ताई, किती रात्री टाकू?"

"मला काय इचारती, ह्यांना इचार."

"तेच म्हनले, तुमाला इचार."

मागं कुणाच्या तरी बॅगेची चाकं फरशीवरून गेली, एक लहान पोर रडलं, लिफ्ट वाजली. मला वाटलं फोन कटला. कानाला घट्ट धरून बसलो.

"आठ दिवसांचं टाक," सविता म्हणाली.

सायली परत फोनवर आली. "दाजी, ऐकलं का?"

"ऐकलं. टाक," मी म्हणालो, आणि पाटण्याचं सांगायला साहेबाचा नंबर लावला.