दर्पणबाबा आणि नऊ लग्नांची नवरी

पुतळाबाईने होणाऱ्या सुनेला दर्पणबाबाच्या दर्शनाला न्यायचं ठरवलं, तेव्हा त्या व्यवहारात तिचं नुकसान कुठूनच होत नव्हतं. बाबा म्हणाला पोरगी लक्ष्मी आहे, तर लक्ष्मी हेरणारे डोळे पुतळाबाईचे. बाबाने खोट काढली, तर फायदा त्याहून मोठा. ती खोट सासूने पदराच्या गाठीला बांधून ठेवायची आणि सून उलट बोलली की गाठ जराशी सैल करून दाखवायची. त्यातून बाबा बसत असे तो गाळा पुतळाबाईचाच. गाळ्याचं भाडं तिला, रांगेला चहा तिच्या भाच्याच्या टपरीचा, आणि चपला सांभाळायची जागा म्हणजे तिच्याच चाळीचा ओटा. पुण्य, भाडं आणि सासूपण एकाच दारात मिळत असेल, तर माणसाने लांब कशाला जावं?

पावणे गावात मंगळवारी रांग लागायची ती पार कंपन्यांच्या रस्त्यापर्यंत. पाळी सुटलेले कामगार निळ्या गणवेशातच येऊन उभे राहत. दिघ्याच्या बायका शेअर रिक्षाने येत. न्हावा शेव्याचे ड्रायव्हर कंटेनर रस्त्याच्या कडेला लावून येत, त्यांच्या मागोमाग चलान फाडायला ट्रॅफिकवाला येई, आणि तोही एकदा रांगेत हात जोडून उभा असलेला लोकांनी पाहिला होता. वाशीचं एक जोडपं, 'आम्ही तसं मानत नाही हं, नुसतं बघायला आलोय,' असं सांगत तिसऱ्यांदा बघायला आलं होतं.

गाळ्याच्या दारात पितळी चौकटीचा, माणसाएवढा आरसा भिंतीत बसवला होता. त्याच्यासमोर उभं राहायचं. गॉगल, मास्क, टोपी, डोक्यावरचा पदर, सगळं काढायचं, कारण 'आत्म्यावर आडोसा चालत नाही'. मग स्वतःच्या डोळ्यांत बघत स्वतःचं नाव तीनदा घ्यायचं आणि आत जायचं. आत बाबा भर वैशाखातही कानांवरून फेटा ओढून बसलेला असे. जगाचा कोलाहल आत येऊ नये म्हणून, असं त्याचा सेवेकरी सांगायचा.

"दर्पण खोटं बोलत नाही, बाळा," बाबा सुरुवात करायचा. "वकील बोलतो, नवरा बोलतो, वजनकाटा बोलतो. दर्पण नाही बोलत."

वजनकाट्याचं ऐकून दिनानाथ किराणावाला दचकला होता. त्याला बाबा म्हणाला, "तुझ्याकडे एक काळं वाहन होतं, मोठं, आवाजाचं. आता नाही. तुझं शरीरही पूर्वी भारदस्त होतं, आता नाही." दिनानाथ ढसाढसा रडला. त्याने बुलेट विकली आणि डायबिटीसने तो वाळला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण शेंबड्या पोराच्या तोंडून ऐकणं वेगळं आणि फेटेवाल्याच्या तोंडून वेगळं.

पुतळाबाईला मात्र सहा महिन्यांपूर्वी बाबाने त्याहून खोलातलं सांगितलं होतं. "प्रत्येक मंगलकार्यात तुझ्या उजव्या हाताला एक बाई असायची. हळद असो, बारसं असो. तीन वर्षांपूर्वी ती बाजूला झाली. आता लांबून बघते." एवढं बोलून त्याने डोळे मिटले. "का बघते? जळते. तुझ्या घरातल्या कार्यांना अडथळा तिचा आहे."

ती बाई म्हणजे केशरबाई, पुतळाबाईची विधवा धाकटी जाऊ, समोरच्याच आळीत राहणारी. उजव्या हाताचं खरं निघालं म्हटल्यावर जळण्याचंही खरंच असणार, असा हिशेब पुतळाबाईने केला. मुलाची, दिपेशची, तीन स्थळं मोडली त्याचा उलगडा झाला. तो एकतीस वर्षांचा होता आणि बंदरात रात्रपाळ्या करत होता, हे कारण फारच साधं होतं. त्या दिवसापासून पुतळाबाईने जावेकडचा चहा बंद केला, पोराबाळांना तिच्या हातचं खायला बंदी केली, आणि दिपेशच्या हळदीच्या आमंत्रणातून तिचं नाव गाळलं. चार बायकांना सांगितलं. उरलेल्यांना त्या चौघींनी सांगितलं.

होणारी सून उन्नती दिघ्याची. ऐरोलीला तिचं पार्लर होतं आणि नवरीच्या मेकअपचे क्लासही ती घ्यायची. पोरगी कमावती म्हणून पुतळाबाईला आवडली होती, आणि कमावती म्हणूनच जराशी खुपतही होती.

"काकी, मी येते, पण बाबाला विचारायचं काय?" रांगेत उन्नतीने विचारलं.

"तू काय विचारू नको. तो सांगल."

"मग मी कशाला? नुसता माझा फोटो आणला असता तरी चाललं असतं."

"चप. देवाच्या दारान चावटपना करू नये."

आरशासमोर उन्नती नाव घ्यायचं सोडून काचेकडेच बघत राहिली. दिवसाचे दहा तास आरशासमोर घालवणारी पोरगी ती.

"काळपट आहे हो हा, काकी. अशा आरशापुढे नवरी सजवली ना, तर मंडपात भूत म्हणून पळवून लावतील."

"नाव घे."

तिने तीनदा नाव घेतलं आणि दोघी आत गेल्या. आत पंचवीस-तीस माणसं बसली होती. बाबाने डोळे मिटले, फेट्यावरून हात फिरवला, आणि त्याच्या कपाळाला एकदम आठी पडली.

"मुली," तो सावकाश म्हणाला, "तुझं लग्न झालेलं आहे."

पुतळाबाईला खोट हवी होती, पण पदराच्या गाठीत मावेल एवढी.

"एक," बाबा म्हणाला. मग जरा थांबला, कोणी काही सांगत असल्यासारखी मान कलती करून. "दोन. तीन… लाल शरारा. केरळी कसव्याची साडी. नऊवारी, नाकात नथ." तो स्वतःच चकित व्हायला लागला होता. "नऊ. मुली, तुझी नऊ लग्नं झालेली आहेत."

वाशीची बाई नवऱ्याच्या कानात म्हणाली, "एक निभावताना जीव जातो इथे."

"आनि नवरं?" पुतळाबाईने विचारलं. "नवरं कोन व्हतं, म्हाराज?"

बाबाने पुन्हा मान कलती केली. "नवरे दिसत नाहीत. एकही शेजारी उभा नाही. हिच्या शेजारी पुरुष टिकत नाही, बाई. तुझ्या मुलाचा दहावा नंबर."

पुतळाबाई मनातल्या मनात हिशेब करू लागली. हॉल ठरला होता, सोनं घडवून झालं होतं, आणि दिपेश तर या पोरीचं नाव निघालं की कंटेनरचे नंबर विसरत होता. हे स्थळ मोडलं तर चौथं, आणि पाचवं कोणी दारात आणणार नव्हतं. तिने उन्नतीकडे पाहिलं. पोरगी रडत नव्हती. ओठ दाबून बसली होती, आणि पुतळाबाईच्या लक्षात आलं की ती हसू दाबते आहे.

"महाराज," उन्नती नम्रपणे म्हणाली, "सगळं खरं. पण त्यात एक पांढऱ्या झग्यातलंही लग्न असेल ना? ख्रिस्ती पद्धतीचं?"

"आहे," बाबा लगेच म्हणाला.

"ते मला नीट आठवत नाही. कुठे झालं ते सांगाल का?"

"परदेशात." बाबाला आता सूर सापडला. "मागे बर्फाचे डोंगर. पुढे तळं. तळ्यात दोन राजहंस."

"दोन्ही धडधाकट?"

बाबा ऐकत राहिला. "एकाच्या मानेवर… तपकिरी पट्टा आहे. दैवी खूण."

मागून दिनानाथ सावकाश उभा राहिला. "अरे," तो म्हणाला, "हा तर आपल्या कुंदनच्या स्टुडिओतला पडदा. मान फाटली तवा त्यानं चिकटपट्टी मारलीय. आमच्या धाकट्याचा वाढदिवसाचा फोटो तिथंच काढलाय."

"आमच्या भैरूच्या साखरपुड्याचा पन," एक बाई म्हणाली. "ह्याच हंसावर."

मग सगळ्यांनाच हंस आठवू लागला. पावणे गावात त्या तळ्याकाठी न बसलेलं घर नव्हतं.

"पडदा म्हणजे माया आहे, बाळांनो," बाबा म्हणाला.

"माया असेल, पण भाड्याची आहे," उन्नती म्हणाली. "काकी, ती माझी क्लासच्या जाहिरातीसाठीची सोंगं. नऊ मेकअप, नऊ नवऱ्या, एकाच दिवसात काढलेले फोटो. पांढरा झगा मला होत नव्हता, पाठीला पिना लावल्या होत्या. म्हणून तो फोटो मी कुठे लावलाच नाही, तो फक्त कुंदनदादाकडे आहे. आता महाराज, एक करा. आरशावर टॉवेल टाकू, नवा माणूस आत पाठवू, आणि तुम्ही सांगा."

"दर्पणाशिवाय दर्शन होत नाही."

"दर्पणाच्या मागं काय हाय?" कोणीतरी विचारलं.

हा प्रश्न ऐकला आणि पुतळाबाईतली घरमालकीण भाविकेच्या आधी जागी झाली. आरशामागे काय आहे हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पुढचा गाळा बाबाला दिला होता, तर आरशामागची खोली लाइटी आणि जुने अल्बम ठेवायला कुंदन फोटोवाल्याला. दोन्हीकडचं भाडं ती दर महिन्याला थुंकी लावून मोजून घेत होती. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना भाडेकरू ठेवणाऱ्या त्या हुशार बाईला भिंतीला भोक पडल्याचा पत्ता नव्हता.

कमरेची किल्ली काढून ती मागच्या बाजूला गेली, आणि तिच्यामागे अख्खी रांग. दार उघडलं. आत कुंदन तोंडापुढे माइक धरून बसला होता. समोर लॅपटॉप, आणि आरशाच्या पाठीला टेकवलेला कॅमेरा. आरसा बाहेरून आरसा होता, आतून नुसती खिडकी. लॅपटॉपवर उन्नती नऊ वेळा नटून बसली होती.

"काकी, शप्पत," कुंदन उभा राहत म्हणाला, "मी फकस्त फोटो शोधून त्याच्या फेट्याखालच्या इयरफोनमध्ये सांगायचो. बाकीचं बोलनं त्याचं."

"कसं शोधतो?" पुतळाबाईने विचारलं.

आता त्याच्यातला धंदेवाला जागा झाला. "सोप्पं हाय. बारा वर्षांचे फोटो हायत. प्रत्येक हळद, लग्न, बारसं. पूर्वी हजार माणसांतून एकाचे फोटो शोधायला आठवडा जायचा. आता हा प्रोग्राम चेहरा बघतो आनि त्याचे सगळे फोटो एका जागी लावतो. बुलेट शोध म्हटलं की बुलेटवाले काढतो, नवरी शोध म्हटलं की नवऱ्या काढतो."

"आनि हे आमाला कसं नाय म्हाईत?" रांगेतल्या एकाने विचारलं.

"म्हाईत हाय ना. भैरूच्या हळदीला गेटवर नाय का सगळ्यांनी मोबाईलसमोर तोंड दाखवलं, नि आपापले फोटो घेतले?"

सगळ्यांनी घेतले होते. त्या दिवशी मात्र कोणी मोबाईलच्या पाया पडलं नव्हतं.

"हे चेहऱ्याचे आकडे करतं," उन्नतीने समजावलं. "आकड्याला आकडा जुळला की म्हणतं, तोच माणूस. शालू, नथ, चुडा दिसला की म्हणतं, नवरी. ते लग्न आहे की क्लासचा मेकअप, हे त्याला कळत नाही आणि ते तसं म्हणतही नाही. लग्नं लावली ती बाबाने."

पुतळाबाई अजून पडद्याकडेच बघत होती. "मना माझं दाखव," ती म्हणाली. "उजव्या हाताची."

कुंदनने दोन बटणं दाबली. पुतळाबाई आणि केशरबाई, केशरबाई आणि पुतळाबाई. पुरणाच्या पातेल्यावर दोघी, वरातीत नाचताना दोघी, एकीच्या गालाची हळद दुसरीच्या नाकाला. मग शेवटचा फोटो. मधे पुतळाबाई नवऱ्या मुलाला हळद लावत होती, आणि कडेला, स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीने अर्धी कापलेली केशरबाई.

"ही इथं का उभी आहे, काकी?" उन्नतीने विचारलं.

पुतळाबाईला तो दिवस आठवला. दीर जाऊन दोनच महिने झाले होते. केशर सवयीने हळदीची वाटी घेऊन पुढे आली होती, आणि कोणीतरी म्हणालं होतं, तू लांब हो, रांडमुंड बाईचा हात नको लागायला.

"तिला बाजूला कोनी केली?" दिनानाथने विचारलं.

पुतळाबाईने पदर तोंडाला लावला. "मीच," ती म्हणाली.

एवढ्यात बाबा पुढच्या दाराने निघाला होता, पण स्वतःच्या चपला शोधण्यात अडकून ओट्यावरच सापडला. शेकडो चपलांत आपली कोणती, हे दर्पणाशिवाय त्याला ओळखता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुतळाबाई समोरच्या आळीत गेली. केशरबाई वाल सोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

"दिपेशच्या हळदीला ये," पुतळाबाई म्हणाली.

"का? आता माझी नजर उतरली काय?"

"ती नव्हतीच."

"मना म्हाईत व्हतं. मी जळते म्हनून तुला सांगाया बाबा लागला, नि नाय जळत म्हनून सांगाया लॅपटॉप." तिने मूठभर वाल जावेपुढे सारले. "सोल. यीन मी. पन दारात उभी नाय रानार. पहिली हळद माझ्या हातची असंल, तर यीन."

पुतळाबाई खाली बसून वाल सोलू लागली.

तर मंडळी, बाबाने सांगितलेलं सगळंच खोटं नव्हतं, आणि घात झाला तो तिथेच. बुलेट होती, नऊ पेहराव होते, जाऊ खरंच बाजूला गेली होती. कोणी आपल्याबद्दल खरं सांगितलं, तर पाया पडण्याआधी विचारावं की हे तुला कळलं कुठून. आणि त्या खऱ्याला त्याने कारण चिकटवलं, तर तेही विचारावं की हे तुला कोणी सांगितलं. यंत्र सांगतं कोण कोणाशेजारी उभं होतं. का उभं नव्हतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, आणि ते विचारायला आळी ओलांडायचं तेवढं धाडस लागतं.

आता या सगळ्याची किंमत कोणी किती भरली ते बघू. बाबावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, तो जामिनावर सुटला. कुंदनच्या हंगामातल्या हळदी दुसऱ्या फोटोवाल्याकडे गेल्या. पुतळाबाईचे दोन भाडेकरू गेले आणि पदराची गाठ रिकामी राहिली. उन्नतीचं काहीच गेलं नाही, उलट नऊ लग्नांची नवरी म्हणून तिचे क्लास भरून गेले. सगळ्यात जास्त भरलं ते केशरबाईने, सहा महिने, अख्ख्या गावाच्या वाटचं. आणि ती त्या रांगेत एकदाही उभी राहिली नव्हती.