पाठीवर पोर, हातात फावडं

स्वयंपाक म्हणजे काम नव्हे, हा शोध आउरेलिओ चिम्बोलेमाला लागला तो पाणी समितीचा अध्यक्ष झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात. त्याआधीची चाळीस वर्षं त्यानं जे काही खाल्लं ते बहुधा आभाळातून ताटात पडत असावं.

पुक्यूपांबा गावात ज्याला पाणी हवं त्यानं मिंगाला, म्हणजे गावाच्या श्रमदानाला, यायचं. महिन्यातल्या एका शनिवारी गाव डोंगर चढतं, झऱ्याचं तळं आणि तिथून निघणारा पाट साफ करतं, आणि जेवायच्या आधी अध्यक्ष बांधावर उभा राहून एकेका घराचं नाव पुकारतो. त्या घराचं जे माणूस आलं असेल त्यानं फावडं डोक्यावर धरून 'आहे' म्हणायचं. फावडं वर आलं नाही तर घर गैरहजर. लागोपाठ तीन मिंगा गैरहजर राहिलेल्या घराची, शेतात पाणी सोडणारी पाटावरची मोरी दगडमातीनं बुजवतात, ती वर्षभर उघडत नाही. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पाट काही आपोआप साफ होत नाही.

बाल्विनाची तक्रार होती ती आउरेलिओच्या दोन नव्या नियमांबद्दल. पहिला नियम असा की पाठीवर मूल असलेल्या बाईनं पाटात उतरायचं नाही, तिनं चुलीकडे जायचं. पाय घसरून लेकराला काही झालं तर जबाबदार कोण? आणि दुसरा असा की चुलीकडच्या माणसाची हजेरी धरायची नाही, नाहीतर उद्या अख्खं गाव बटाटे सोलायला बसेल. ज्या घरात नवरा, सासरा, दीर असं कुणी होतं, त्यांना यात वावगं काही दिसलं नाही. बाल्विनाचा नवरा सेलेदोनियो समुद्राकाठच्या शहरात गवंडीकामाला गेलेला, सासरे वारलेले, आणि सात महिन्यांची तामया अंगावर पिणारी. तिला ठेवायचं कुठे? आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी तिची गत झाली. मागच्या दोन्ही मिंगांना तिनं पहाटेपासून चाळीस माणसांचं रांधलं आणि दोन्ही वेळा तिचं घर गैरहजर ठरलं. ही तिसरी होती. मोरी बुजली की लसूणघास वाळणार, लसूणघास वाळला की गाय विकावी लागणार, आणि मग तामयाला घेऊन शहरात नवऱ्याच्या पत्र्याखाली जाऊन राहायचं.

म्हणून त्या शनिवारी ती आली तीच सेलेदोनियोचं फावडं खांद्यावर टाकून. तामया लाल शालीत, पाठुंगळीला.

"बाल्विना, चूल तिकडं आहे," आउरेलिओ बांधावरून म्हणाला. त्याच्या गळ्यात नवी कोरी शिट्टी होती.

"ठाऊक आहे. दोन महिने तिथंच होते. आज पाटात उतरणार."

"नियम माहीत आहे ना? पोर खाली ठेव आणि ये."

"कुठं ठेवू? तुमच्या टोपीत?"

पाटातले पुरुष हसले. आउरेलिओ हसला नाही. "हसण्यावारी नेऊ नकोस. लेकराच्याच काळजीनं सांगतोय मी."

"लेकराची एवढी काळजी आहे तर तिच्या गाईचं पाणी तोडू नका, ताइता आउरेलिओ."

ताइता म्हणजे बाप. गावात हा मान पिकल्या केसांना मिळतो. आउरेलिओनं तो निवडून आल्या दिवशी मागून घेतला होता, आणि बाल्विनानं आता तो असा उच्चारला की जवळच्या दोघांनी माना खाली घातल्या. पण तिची बाजू घ्यायचं सोडून सगळे पुन्हा चिखल उपसू लागले. ती चुलीकडे गेली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

चुलीपाशी एर्मेलिंदा बटाटे सोलत होती. तामयाचा बाप्तिस्मा तिच्या मांडीवर झालेला, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. तिच्याही पाठीवर दोन वर्षांचा गुटगुटीत मुलगा बांधलेला होता.

"बेडकी फुगली म्हणून बैल होत नाही, कोमाद्रे," ती म्हणाली. "मनावर घेऊ नकोस."

"तुझा नवरा पाटात आहे, म्हणून तू घेत नाहीस," बाल्विना म्हणाली आणि सुरी उचलली. "माझी मोरी बुजवायला बैल कशाला लागतोय?"

बटाटे निम्मे सोलून झाले असतील, तेवढ्यात तळ्याकडून आरडाओरडा ऐकू आला.

म्हाताऱ्या ताइता कासिमिरोच्या फावड्यावर लव्हाळ्याच्या गड्ड्याबरोबर एक बेडूक आला होता. तळहाताएवढा, मातकट हिरवा, आणि पाठ सुजून टम्म फुगलेली. ताणलेल्या कातडीखाली वाटाण्याएवढ्या गाठीच गाठी. कुणीतरी शी म्हणून मागे सरकलं.

"रोग आहे हा!" आउरेलिओ ओरडला. आयुष्याची पंधरा वर्षं शहरात काढलेला माणूस. त्याला रोग लगेच ओळखू येत. "बघा, अंगभर गाठी. तरीच गावातल्या पोरांची पोटं बिघडतात! खालून दोन पोती चुना आणा, सगळं तळं चुन्यानं मारून टाकू."

बाल्विना ओल्या हातांनीच धावली आणि बेडकावर वाकली.

"हात लावू नकोस!" आउरेलिओ म्हणाला. "पाठीवर लेकरू आहे तुझ्या!"

"हिच्याही आहे," बाल्विना म्हणाली.

तिनं घमेल्यात तळ्याचं पाणी घेतलं आणि बेडकीला अलगद त्यात सोडलं. "या गाठी नाहीत. अंडी आहेत. नर ती हिच्या पाठीतल्या पिशवीत ढकलतो, आणि ही तीन-तीन महिने ती घेऊन हिंडते. खाते काय, पोहते काय, भिंती चढते काय, सगळं त्यांच्यासकट."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायचं? तुम्ही शहरात होता तेव्हा मी या तळ्यावर मेंढ्या राखत होते."

पुरुष घमेल्याभोवती गोळा झाले. बेडकी बराच वेळ नुसती बसून राहिली, तिलाही आजची गर्दी रुचली नसावी. मग तिनं मागचा एक पाय सावकाश पाठीवर नेला, लांब बोट पाठीच्या टोकाला असलेल्या फटीत घातलं आणि ओढलं. फट उघडली. एक काळं पिल्लू शेपटी हलवत पाण्यात घसरलं. मग दुसरं. मग चार एकदम. ती पाय बदलून बदलून ओढत होती आणि पिल्लं येतच होती.

कासिमिरोनं टोपी काढली. त्याच्या शेजारच्यानं काढली. बघता बघता सगळ्यांच्या टोप्या हातात आल्या.

"बिचारी," एक जण घोगऱ्या आवाजात म्हणाला. "एवढं ओझं वागवायचं, आणि तक्रार म्हणून नाही."

वारा कुठून वाहतो ते कळायला आउरेलिओला कधी वेळ लागत नसे. "चुना राहू दे!" त्यानं जाहीर केलं. "आणि उद्याच इथं पाटी लावायची. या आयांना कुणी त्रास द्यायचा नाही. आई ती आई, मग ती बेडकी का असेना!"

टाळ्या पडल्या. दोघा दांडग्या गड्यांनी ते घमेलं मिरवणुकीतल्या संतासारखं उचललं आणि लव्हाळ्यात, सावली बघून, हळूच कलतं केलं. आउरेलिओनं डोळे पुसले. मग तो वळला.

"चल बाल्विना, बटाटे करपतील."

यावर तिला रडू कोसळायला हवं होतं, असं नंतर काही बायका म्हणाल्या. का म्हणून? ज्यांना लाज वाटायला हवी होती त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते बेडकीसाठी. बाल्विनाचे डोळे कोरडे ठणठणीत होते. ती चुलीपाशी गेली आणि फावडं उचललं.

"कुठं निघालीस?" एर्मेलिंदानं विचारलं.

"पाटात. बेडकीपुढं टोप्या काढल्या त्यांनी. मला म्हणतात बटाटे बघ."

एर्मेलिंदाचं घर हजर होतं, तिला काही कमी पडणार नव्हतं. तरीही तिनं सुरी खाली ठेवली. चुलीतली लाकडं बाहेर ओढली, कारण अन्न जाळायचं नसतं, आणि घमेलं घेऊन निघाली. चुलीपाशी पाठीवर पोर असलेल्या आणखी चार जणी होत्या, त्याही उठल्या. कुणी खुरपं घेतलं, कुणी बांधावर पडलेली कुदळ.

आउरेलिओनं शिट्टी फुंकली. परत फुंकली. "बाहेर या! मी सांगतोय, बाहेर या!"

सहाही जणी गुडघाभर गार चिखलात उतरल्या आणि उपसू लागल्या. बाल्विनाचा पाय एकदा घसरला. सगळ्यांचेच घसरतात, आउरेलिओ स्वतः सकाळी दोनदा बसकण मारून उठला होता. तामया गालावर चिखलाचा शिंतोडा घेऊन तशीच झोपून राहिली.

दुपार झाली. चूल विझलेली, मक्याचे दाणे अर्धे कच्चे, बटाटे गार. पुरुष बांधावर येऊन भांड्यांकडे बघत उभे राहिले.

"जेवण कुणी करायचं आता?" आउरेलिओनं विचारलं. "वाढायचं कुणी?"

"ज्याची पाठ रिकामी असेल त्यानं," बाल्विना खालून म्हणाली.

चौतीस पुरुष एकमेकांच्या पाठींकडे बघू लागले. एर्मेलिंदा एवढ्या जोरात हसली की तिच्या पाठीवरचा मुलगा दचकून जागा झाला.

"आधी हजेरी," आउरेलिओ घाईघाईनं म्हणाला आणि नावं पुकारू लागला. फावडी वर जात होती, 'आहे' ऐकू येत होतं. शेवटी त्याला ते नाव घ्यावंच लागलं. "सेलेदोनियो यूम्बायचं घर."

चिखलानं माखलेलं फावडं डोक्यावर गेलं. "आहे."

"हे धरता येणार नाही. नियम म्हणजे..."

"धर रे बाबा," कासिमिरो म्हणाला. "मला नीट दिसत नाही, पण तेवढी बाई मलाही दिसतेय."

"आहे!" मागून कुणीतरी ओरडलं. "ती आहे!" मग सगळेच ओरडू लागले. त्यातल्या दोघाचौघांना न्याय हवा होता, बाकीच्यांना बटाटे. बाल्विनाला त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

आउरेलिओनं शिट्टी शर्टाच्या आत सारली. "बरं. हजर," तो पुटपुटला. "झालं ना मनासारखं? या आता वर, चूल पेटवा."

सहा जणींपैकी एकही जागची हलली नाही. बाल्विनानं डोक्यावरचं फावडं अजून खाली घेतलं नव्हतं.

"आणि मागच्या दोन मिंगा?" तिनं विचारलं.