अर्जावर कॅप्टनची सही

बास्केटबॉल लीगच्या पहिल्याच मोसमात सगळ्यात जास्त गुण शिवमने केले, म्हणून त्याचा दोन पुरुष उंचीचा फोटो अमरावतीच्या राजकमल चौकात लागला. अंजनगाव सुर्जीहून त्याचे वडील, पंजाबराव, केळीचं काम टाकून तो बघायला आले. बराच वेळ मान वर करून पाहिल्यावर म्हणाले, "फोटो झकास हाये. पन सारे पळून राहिले अन् तू एकटाच उभा काहून हायेस?"

शिवमने वडिलांना समजावलं, की बॉल बास्केटमध्ये पडत असताना खेळाडू असाच उभा राहतो. वडिलांना ते पटलं. अमरावती संघाचे कोच धर्मपाल सर यांना मात्र ते कधीच पटलं नाही.

धर्मपाल सर बडनेऱ्याचे, रेल्वेकडून पंधरा वर्षं खेळलेले. त्यांचा नियम एकच. आपण गुण केला, की समोरचा बॉल घेऊन निघायच्या आत आपल्या बास्केटखाली पळत पोचायचं. जो चालत येईल त्याच्यासाठी बाराच्या बारा जणांनी मैदानाच्या वीस फेऱ्या मारायच्या. या फेऱ्या बहुतेक वेळा शिवमच्या नावावर निघत. सर त्याला सगळ्यांसमोर विचारत, "बॉल टाकला का काम झालं? तू काय पोस्टमन हायेस?"

नागपूरच्या संघाला हरवलं त्या सामन्यात शिवमने एकतीस गुण केले. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी पडद्यावर सामना लावला, तेव्हा त्याला वाटलं, आज कौतुक होणार. सरांनी चौदा वेळा चित्र थांबवलं, आणि चौदाही वेळा पडद्यावर शिवम चालत होता.

"हे पाहा," सर म्हणाले, "हा मानूस जेवून शतपावलीले निघाला."

पोरं हसली. एकतीस गुणांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. शिवमच्या मनाला ते लागलं.

त्याच दुपारी त्याने संघाच्या मालकांच्या नावे अर्ज लिहिला. 'मानसिक खच्चीकरण' हा शब्द त्याने मोबाइलवर शोधून काढला आणि तो इतका आवडला, की तीनदा वापरला. दहा जणांनी लगेच सह्या केल्या. एकटा मनोज दोन दिवस अडून बसला. तो तिवश्याचा, बहुतेक सामने बाकावर बसून काढणारा.

"सर मलेबी बोलतेत," तो म्हणाला. "पन त्याईच्या बोलन्यानं माहा खेळ सुधरून राहिला."

"तुले बोलनं खायची सवय लागली, लेका," शिवम म्हणाला.

शेवटी मनोजनेही सही केली, आणि अर्ज महादेवरावांकडे गेला.

महादेवरावांची डाळ मिल होती आणि संघही त्यांचाच होता. काळाप्रमाणे बदललं पाहिजे, असं ते दर भाषणात सांगत. त्यांनी आठवड्यात काळ बदलला. धर्मपाल सरांनी कारण विचारलं नाही. शिट्टी टेबलावर ठेवली, प्रत्येकाच्या हातात हात दिला आणि गेले. पंधरा दिवसांनी कळलं, की अकोल्याच्या संघाने त्यांना बोलावून घेतलं.

त्यांच्या जागी पुण्याहून विपुल सर आले. ते कोणालाही चूक झाली असं म्हणत नसत. "यातून शिकायला मिळालं," असं म्हणत. त्यांनी शिवमला कॅप्टन केलं. सकाळचा सहाचा सराव सातवर आला, मग साडेसातवर, आणि पुढे ज्याला जेव्हा जाग येईल तेव्हा. पोरं खुश होती. शिवम सगळ्यात खुश होता.

मग संघ लागोपाठ तीन सामने हरला.

तिसऱ्या सामन्यात शिवमने अठ्ठावीस गुण केले आणि तरी सतराने हार झाली. वर्तमानपत्रात 'शिवमचा संघ पराभूत' असं छापून आलं. त्याने पहिल्यांदाच सामना घरी बसून पुन्हा पाहिला. आपण गुण करतो आणि बाकीचे चौघं चालत परत येतात, हे त्याला स्वच्छ दिसलं. आपणही त्यांच्याबरोबर चालतोय, हे जरा उशिराने दिसलं, पण त्याकडे त्याने फार वेळ पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कॅप्टन सहा वाजता मैदानावर हजर. जो उशिरा येईल त्याच्यासाठी सगळ्यांना फेऱ्या. विपुल सर म्हणाले, "शिवम, जरा सौम्यपणे घे ना." शिवमने हो म्हटलं आणि मनोजवर ओरडला, "अबे, बॉल टाकला का काम झालं? तू काय..."

तो तिथेच थांबला. पण पुढचा शब्द सगळ्यांना पाठ होता.

आठवड्याभराने सराव संपल्यावर मनोज एक कागद घेऊन आला. तो नजर वर करत नव्हता.

"अर्ज हाये," तो म्हणाला. "संघाच्या वतीनं. महादेवरावचं ऑफिस म्हनते, कॅप्टनची सही पायजे."

शिवमने अर्ज वाचला. एकेक वाक्य ओळखीचं होतं. मानसिक खच्चीकरण तीनदा झालं होतं. जुना मजकूर तसाच घेऊन फक्त नाव बदलून शिवमचं घातलं होतं, आणि शेवटच्या परिच्छेदात तेही बदलायचं राहून गेलं होतं. तिथे अजून धर्मपाल सरच संघाचं खच्चीकरण करत होते.

"तू सही केली?"

"हाव. मागच्या खेपेस उशीर केला त सारे मले बोलले. या खेपेस पयली माहीच."

शिवमला राग यायला हवा होता. त्याने पेन मागितलं, शेवटच्या परिच्छेदातलं 'धर्मपाल सर' खोडून तिथे आपलं नाव लिहिलं आणि खाली कॅप्टन म्हणून सही केली. महादेवरावांनी काळ पुन्हा बदलला. कॅप्टन मनोज झाला, कारण त्याच्याविरुद्ध कोणाची तक्रार नव्हती.

पुढचा सामना अकोल्यात, धर्मपाल सरांच्या संघाशी होता. शनिवारची दुपार होती. अकोल्याची पोरं उंचीने कमी आणि नेमबाजीत साधारण होती, पण गुण केला रे केला, की पाचही जण मागे पळत. त्या दिवशी शिवमही पळाला. मागे पोचून वळून पाही, तर आपल्या बाजूचं कोणीच नसे. समोरून तिघं येत असत. अमरावती अकराने हरली.

सामना संपला तेव्हा धर्मपाल सर आपल्या एका जिंकलेल्या पोराला कोपऱ्यात घेऊन झापत होते. पोरगा खाली मान घालून उभा होता. शिवम थोडा दूर थांबला आणि आपली पाळी यायची वाट पाहू लागला. त्याला त्या पोराचा हेवा वाटत होता, आणि असा हेवा वाटावा याची लाजही.

सरांचं लक्ष गेलं. पुढे येऊन त्यांनी हातात हात दिला.

"छान खेळले तुमी," ते म्हणाले.

सरांनी त्याला आजवर कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. शिवमने हात सोडला नाही. "सर, माहं काय चुकलं ते सांगा न."

"ते तुमच्या कोचले विचारा." सर शांतपणे म्हणाले आणि कोपऱ्यातल्या आपल्या पोराकडे वळले. "अन् तू कुठं चालला बे? माहं बोलनं संपलं काय?"

शिवमने खरंच जाऊन विपुल सरांना विचारलं. ते म्हणाले, "काहीच चुकलं नाही रे. सुंदर प्रयत्न."

परतीच्या बसमध्ये तो मनोजच्या शेजारी बसला. बाकीचे मोबाइलवर होते. खिडकीबाहेर कपाशीवर उन्हं कलत होती.

"मनोज, खरं सांग. आज मी किती वेळा चालत आलो?"

"मी नाई सांगत, बावा," नवा कॅप्टन म्हणाला. "मह्यावर अर्ज करशीन."

मूर्तिजापूर गेल्यावर मात्र त्याने बाहेर बघत बघत, कोणाला दिसणार नाही अशी, चार बोटं वर केली.

शिवमने मान हलवली. त्याला वाटलं होतं, एकदाही नाही.